ब्रेककाकूंचा उजवा पाय

विद्यापीठाच्या गणित आणि संख्याशास्त्र विभागात तास चालू असताना मधूनच 'धप्' असा आवाज यायचा. नवीन प्राध्यापक दचकायचे. कुणाचं पुस्तक पडलं की खिडकी आपटली, म्हणून इकडेतिकडे बघायचे. जुने मात्र फळ्याकडचं तोंडही न वळवता विचारायचे, "काय झालं काकू?" मग तिसऱ्या बाकावरून उत्तर यायचं, "काही नाही सर, चालू द्या. सवयीने दाबला गेला."

काय दाबला? तर ब्रेक. जो तिथे नव्हताच.

काकूंचा धंदा ड्रायव्हिंग शिकवण्याचा. त्यांच्या छोट्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी असतो तसाच एक ब्रेक शेजारच्या सीटसमोरही बसवलेला होता, आणि त्या शेजारच्या सीटवर बसून काकूंनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती. डॉक्टर, वकील, नवऱ्याशी भांडून आलेल्या बायका, बायकोने पिटाळलेले नवरे, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. एवढ्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा उठला नव्हता, आणि ओळख झाल्यावर पाच मिनिटांत ही गोष्ट समोरच्याच्या कानावर घातल्याशिवाय काकूंना चैन पडत नसे. श्रेय सगळं उजव्या पायाचं. शिकणाऱ्याच्या डोक्यात चूक शिरायच्या आत तो ब्रेकवर पडलेला असायचा. "हिच्या पायाला वेगळा मेंदू आहे," असं काका म्हणायचे, आणि वरच्यापेक्षा तो जास्त चालतो, हेही हळूच जोडायचे.

काका म्हणजे काकूंचे यजमान. घड्याळं दुरुस्त करायचे. दुकानात दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून बसायचे आणि अडचणीचा विषय निघाला की दुसऱ्या डोळ्याने आढ्याकडे बघायचे. काकूंच्या हातून निसटलेला एकमेव विद्यार्थी तो हाच. गाडी घरात आली तेव्हा चार दिवस शिकले आणि जे उतरले ते कायमचे. का, असं विचारलं की भिंग नीट बसवत राहायचे.

आता ड्रायव्हिंग शिकवणारी बाई विद्यापीठात कशी, तर त्याला कारण चिमणी. चिमणी ही काकूंची एक विद्यार्थिनी, इतकी लहानखुरी की बाहेरून बघणाऱ्याला स्टिअरिंगच्या वर नुसतं कपाळ दिसायचं, आणि चिवचिव अखंड. गणिताच्या प्रवेशपरीक्षेचं तिला भारी टेन्शन होतं. "काकू, तुम्ही पण बसा ना माझ्याबरोबर. मला धीर येईल." काकूंना शाळेत गणिताचं वेड होतं, पण बारावीनंतर लग्न झालं, मग मुलगी झाली, मग गाडी आली, आणि वेड माळ्यावर गेलं. वयाची अट नव्हती. काकू गंमत म्हणून बसल्या. दोघींची नावं लागली, आणि काकूंचं चिमणीच्या वर लागलं. चिमणी आठवडाभर रुसली होती.

मग काय विचारता! पहिल्याच आठवड्यात काकूंचं डोकं फिरलं. सरांनी फळ्यावर सगळ्या संख्या एका ओळीत मांडल्या: एक, दोन, तीन. त्यांच्या खाली नुसत्या सम संख्या: दोन, चार, सहा. वरच्या प्रत्येकीला खाली एक जोडीदारीण, वर कुणी उरत नाही आणि खालीही कुणी उरत नाही. म्हणजे दोन्ही सारख्याच! काकूंनी ब्रेक दाबला, सोडला, परत दाबला. पण फट काही सापडेना. शेवटी मान्य करावं लागलं, आणि मान्य केल्याबरोबर त्यांना असा काही हर्ष झाला की तास संपताच त्या थेट काकांच्या दुकानात जाऊन थडकल्या.

"अहो, ऐका. सगळ्या मिळून जेवढ्या संख्या आहेत ना, तेवढ्याच सम संख्या आहेत!"

काका एका घड्याळाचं पोट उघडून बसले होते. "निम्म्या ना?"

"निम्म्या नाही हो! तेवढ्याच! तीच तर गंमत आहे!"

"बरं. मग येताना बटाटे निम्मेच आणतो. तेवढेच भरतील."

"बटाटे संपतात! संख्या संपत नाहीत!"

"हां, म्हणजे तुझ्या बोलण्यासारख्या," काका म्हणाले. "आलं लक्षात."

काकूंना राग येण्याच्या पलीकडचा आनंद झालेला होता. त्या दिवसांत त्या सारख्या हवेतच असायच्या. तास सुटल्यावर पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीत बसून एकट्याच हसत राहायच्या. एकदा रखवालदाराने काच ठोठावली. "बाई, बरं वाटत नाहीये का?" "फार बरं वाटतंय हो," काकू म्हणाल्या आणि त्याला भागाकाराची एक भानगड सांगायला लागल्या. तो बिचारा शिट्टी वाजवत पळाला. परगावी नोकरी करणाऱ्या मुलीने फोनवर विचारलं, "पण आई, ही डिग्री घेऊन तू करणार काय?" काकूंनी पुष्कळ विचार केला. "काही नाही गं," त्या म्हणाल्या. "मजा येते." मुलीला हे पटलं नाही आणि काकूंनी पटवायचा प्रयत्नही केला नाही. तिसरा बाक, खडूचा वास, शेजारी चिमणी, आणि समोर कुणीतरी जगातली कसलीतरी भन्नाट गोष्ट खरी करून दाखवतंय, एवढं मिळालं की काकूंना जन्माचं भरून पावत असे.

दुसऱ्या वर्षी नवे सर आले. हे वयाने अगदीच लहान, काकूंच्या मुलीएवढे. शिकवायचे संभाव्यता, म्हणजे काय घडण्याची किती शक्यता आहे त्याचं गणित. त्यांनी दारुडा आणला. म्हणजे फळ्यावर. एक सरळ रस्ता, मधोमध दारुड्याचं घर. दारुडा उंबऱ्यावरून निघतो आणि प्रत्येक पावलाला मनातल्या मनात नाणं उडवतो. छापा पडला की एक पाऊल डावीकडे, काटा पडला की एक पाऊल उजवीकडे. तर तो घरी परत येईल का? सर म्हणाले, येईल. नक्की येईल. शंभर टक्के. आणि सरासरी किती वेळ वाट बघावी लागेल? तर अनंत काळ.

धप्.

"दोन्ही एकदम कसं हो सर?" काकूंनी विचारलं. सरांनी करून दाखवलं, आणि काकू पार विरघळल्या. पुढचे कित्येक दिवस जो भेटेल त्याला त्या दारुडा ऐकवत होत्या. भाजीवालीला ऐकवला, गाडी शिकायला येणाऱ्यांना भर चौकात ऐकवला. काकांनी मात्र तो फार शांतपणे ऐकून घेतला. "नक्की येणार, पण कधी ते विचारायचं नाही," ते म्हणाले. "मला ठाऊक आहे. विद्यापीठात जायला लागल्यापासून तू अशीच येतेस." काकू खो खो हसल्या आणि दुसऱ्या दिवशी तो किस्सा त्यांनी वर्गात सांगून टाकला.

अशी सगळी मौज चालली असताना तिसऱ्या वर्षी गाडी रुतली. रुतवली ती अप्रत्यक्ष सिद्धतेने.

नाव भारदस्त असलं तरी युक्ती सोपी. एखादी गोष्ट खरी आहे हे दाखवायचं असेल, तर आधी 'समजा, असं नाही' म्हणायचं. मग त्या खोट्यालाच खरं धरून मुकाट्याने एकेक ओळ पुढे जायचं, दोन गोष्टी समोरासमोर येऊन धडकेपर्यंत. धडकल्या की जिंकलं, कारण धडक झाली याचा अर्थ सुरुवातीचं ते 'समजा' चुकीचं होतं. शाळकरी पोरांनाही हे जमतं. काकूंना जमेना. मुद्दाम चुकीच्या रस्त्याला लागायचं, चूक दिसत असताना थांबायचं नाही आणि वर धडक बसली की टाळ्या वाजवायच्या! ज्या बाईने जन्मभर फक्त याच तीन गोष्टी होऊ दिल्या नाहीत, तिने करायचं काय?

परीक्षेत त्यांनी लिहिलं, 'समजा, असं नाही.' पाय पडला. मग ती ओळ त्यांनी परत वाचली. ती खोटी आहे हे त्यांना ढळढळीत दिसत होतं, आणि खोटं लिहून ठेवायची त्यांना सवय नव्हती. म्हणून तिच्यावर पट्टीने सरळ रेघ ओढली आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'वरील गृहीत चुकीचे असल्यामुळे येथेच थांबणे योग्य.' पेपरात बहुतेक प्रश्न त्याच जातीचे होते. काकू प्रत्येक ठिकाणी योग्य जागी थांबल्या. तपासणाऱ्याने समासात नुसतं एक मोठं उद्गारचिन्ह काढलं होतं.

दुसऱ्या वेळी त्यांनी मनाशी ठरवलं होतं की काही झालं तरी रेघ मारायची नाही. नाही मारली. पण पुढच्या ओळीवर हात जाईचना. पाय बाकाखाली ठाण मांडून बसला आणि घंटा झाली.

विभागाचा नियम असा, की दोनदा नापास झालेल्याला एकच तोंडी परीक्षा मिळते. तीही गेली की हजेरीपटावरून नाव निघतं. नाव निघालं की वर्गात बसता येत नाही, आणि काकूंना नेमकं बसण्याचंच वेड. डिग्री गेली असती खड्ड्यात. पण तिसरा बाक जाणार, हे त्यांना सोसेना. एका संध्याकाळी भाजी चिरता चिरता त्या रडल्या आणि कांद्यावर ढकलायची सोय नव्हती, कारण दुधीभोपळा होता.

या तोंडी परीक्षेचीही एक जुनी रीत होती. ती व्हायची मोठ्या वर्गात, फळ्यासमोर, दारं सताड उघडी ठेवून. ज्याला ऐकायचंय त्याने येऊन बसावं. परीक्षा देणाऱ्याच्या हातात फक्त खडू. डस्टर परीक्षकांच्या टेबलावर. एकदा लिहिलं की पुसायचं नाही, पुढेच जायचं. पास झालात तर परीक्षक उठून तुमच्या हातात डस्टर देणार, आणि आपली सिद्धता आपल्या हाताने पुसायचा मान तुमचा. नापास झालात तर कुणी काही बोलणार नाही, शिपाई येऊन फळा पुसून जाईल.

"काकू, तुम्ही जन्मात कधी धडकला आहात का?" चिमणीने एक दिवस विचारलं.

"कधीच नाही!" काकू तेवढ्यातही ताठ झाल्या.

"मग तेच तर! तुम्हाला वाटतं धडकलं की सगळं संपलं." आणि मग चिमणीने, बाकी काही नसलं तरी तोंडाला लगाम नसल्यामुळे, आणखी एक गोष्ट सांगून टाकली. "आणि खरं सांगू? तुमच्याकडे शिकलेले सगळे परवान्याच्या पहिल्या टेस्टला आपटतात. मी दोनदा आपटले. कारण आम्हाला ब्रेक दाबायची सवयच लागत नाही. आमच्या आधी तुमचा पाय पोचलेला असतो."

काकूंना हे फार लागलं. पण लागलं म्हणून खोटं होत नव्हतं. पुरावा तर रोज सकाळी त्यांच्या शेजारीच बसत होता. नवे सर त्यांच्याकडे गाडी शिकत होते! वर्गात ते सर आणि या विद्यार्थिनी, आणि गाडीत सगळं उलटं. चौकात आले की सर गाडी थांबवून समोरून जाणाऱ्या गाड्यांचा अंदाज घेत बसायचे.

"सर, निघा!"

"थांबा हो काकू. या दराने गाड्या येत असतील तर पुरेशी फट मिळण्याची शक्यता..."

"शक्यता काढेपर्यंत फट गेली, सर! मागे रांग लागलीय! क्लच सोडा! सोडा म्हणजे हळू सोडा!"

धप्. गाडी उभी. सरांचा स्वतःचा पाय कधी ब्रेककडे गेलाच नव्हता. टेस्टच्या दिवशी तर शेजारचे साहेब दाबतील या भरवशावर ते सरळ कुंडीपर्यंत जाऊन आले होते.

तर चिमणीने कट केला आणि त्यात सरांना ओढलं. रविवारी सकाळी विद्यापीठामागच्या मोकळ्या मैदानात सगळे जमले. काकांनी दुकानाशेजारच्या फ्रिजवाल्याकडची रिकामी खोकी हातगाडीवर लादून आणली होती, आणि एवढं सगळं आणलंय तर मी बघणारच, म्हणून मागच्या सीटवर चिमणीशेजारी बसले होते. समोर खोक्यांची भिंत. स्टिअरिंगवर सर. शेजारी काकू.

"समजा, समोर भिंत नाही," सर वर्गातल्या आवाजात म्हणाले आणि निघाले.

धप्. गाडी खोक्यांच्या वीतभर अलीकडे.

"काकू!" चिमणी किंचाळली.

"मी नाही दाबला! त्याने दाबला!"

परत मागे घेतली, परत निघाले, परत धप्. काकूंनी डोळे मिटून पाहिलं, चपला काढून पाहिल्या, मनात पाढे म्हणून पाहिले. पाय ऐकेना. सर घामाघूम झाले. तेव्हा मागून काका म्हणाले, "अगं, वर घे ना तो."

"काय वर घे?"

"पाय. मांडी घाल."

काकूंनी सीटवर मांडी घातली. पट्टा आवळला, दोन्ही हातांनी उजव्या पायाचा अंगठा गच्च धरला. सर निघाले. भिंत जवळ आली, आणखी जवळ आली, काकूंच्या तोंडून "सर, सर, सर, सर" असा अखंड जप सुरू झाला, आणि धडाम्! खोकी चारी दिशांना उडाली. एक टपावरून मागे गेलं, एक काचेवर येऊन बसलं, आणि गाडी थोडी पुढे जाऊन अलगद उभी राहिली.

उभी राहिली? काकूंनी खाली पाहिलं. त्यांचा पाय त्यांच्या हातात होता. ब्रेक सरांनी दाबला होता, स्वतःच्या पायाने, पहिल्यांदाच. सर आपल्याच बुटाकडे बघत होते.

काकूंना हसू फुटलं. साधंसुधं नाही, पोटातून, डोळ्यांतून पाणी काढणारं. चिमणी हसली, सर हसले, काकांचं भिंग खिशातून पडून सीटखाली गेलं. "परत!" काकू ओरडल्या. "परत घ्या! उंच लावा या वेळी!" दुपारपर्यंत त्यांनी त्या खोक्यांचा चुराडा करून टाकला. बॉनेटवर एका खोक्याच्या पट्टीचा बारीक ओरखडा उठला होता. काकूंनी त्यावरून बोट फिरवलं आणि पुढचे दोन दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून तो दाखवला.

पण मैदान वेगळं आणि फळा वेगळा. परीक्षेच्या दिवशी मोठा वर्ग भरला होता. ब्रेककाकूंची परीक्षा म्हटल्यावर दुसऱ्या विभागांतली पोरंही आली होती. शेवटच्या रांगेत दुकान बंद करून आलेले काका, त्यांच्या एका बाजूला नवे सर आणि दुसऱ्या बाजूला नखं खाणारी चिमणी. परीक्षक बाहेरून आलेल्या एक बाई होत्या. चष्म्यावरून बघायच्या आणि हसण्याची त्यांना बंदी असावी. त्यांच्यासमोर टेबलावर डस्टर.

"दारुड्याचा प्रश्न माहीत आहे?" बाईंनी विचारलं.

माहीत आहे! काकूंना त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

"तो नक्की घरी परत येतो, हे सिद्ध करा. अप्रत्यक्ष सिद्धतेने."

काकूंचा आनंद जागच्या जागी मावळला. त्या फळ्याकडे वळल्या आणि लिहिलं, 'समजा, दारुडा घरी परत येईलच असे नाही.'

धप्.

ही ओळ खोटी होती. दारुडा येतो, हे त्यांनी भाजीवालीलासुद्धा सांगितलं होतं, आणि आता ही ओळ त्यांच्याच अक्षरात सगळ्यांसमोर उभी होती. हात आपोआप पुसायला उठला. हातात डस्टर नव्हतं. हात तसाच राहिला. पाय जमिनीत रुतून बसला होता, आणि काकूंना स्पष्ट दिसलं की आता आपण 'येथेच थांबणे योग्य' असं लिहिणार, शिपाई येणार, आणि उद्या तिसऱ्या बाकावर चिमणी एकटी बसणार. त्यांना मनस्वी भीती वाटली.

आणि मग काकूंनी उजवा पाय उचलला.

नुसता उचलला नाही, तर गुडघ्यात दुमडून वर घेतला, डावा हात भिंतीला टेकवला आणि एका पायावर उभ्या राहून लिहायला लागल्या. कुणीतरी फिस्सकन हसलं. परीक्षक बाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. काकूंना कशाचं भान नव्हतं. "समजा, तो कधीकधी परत येत नाही," त्या लिहिता लिहिता मोठ्याने बोलत होत्या. "म्हणजे प्रत्येक वेळी घरून निघाला की कायमचा हरवायची थोडी तरी शक्यता आहे. मग असं किती वेळा जमेल त्याला? कधी ना कधी हरवणारच. म्हणजे उंबऱ्याला त्याचा पाय सरासरी मोजक्याच वेळा लागणार. ही झाली एक बाजू." त्या एका पायावर टुणकन उडी मारून फळ्याच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. "आता इकडून येऊ. प्रत्येक पावलाला तो उंबऱ्यावर असण्याची शक्यता काढू, आणि सगळ्यांची बेरीज करू. तीच सरासरी यायला हवी." खडू टकटकत होता. बेरीज वाढत होती, हळूहळू, पण थांबायचं नाव घेत नव्हती. डावी पोटरी थरथरत होती. "आणि ही बेरीज, बाई, कुठल्याही मोजक्या आकड्यात मावत नाही! तिकडून येतंय मोजकं, इकडून येतंय न संपणारं, रस्ता एकच, आणि..."

"धडाम्!" काकू ओरडल्या आणि दोन ओळींच्या मध्ये एवढी मोठी फुली मारली की खडूचे तुकडे झाले. "म्हणून पहिली ओळ खोटी. म्हणून तो येतो. नक्की!"

वर्गाने बाकं बडवायला सुरुवात केली. काकूंनी आता कुठे पाय खाली ठेवला आणि त्याला मुंग्या आल्यामुळे त्या मटकन खुर्चीत बसल्या.

परीक्षक बाईंनी फळा पहिल्यापासून वाचला, मधली एक ओळ दोनदा वाचली. मग उठल्या, डस्टर घेतलं, आणि काकूंच्या हातात दिलं. "मी अनेक सिद्धता पाहिल्या," त्या म्हणाल्या. "एका पायावरची पहिलीच." आणि बंदी मोडून हसल्या.

काकू डस्टर छातीशी धरून उभ्या. पुसण्याचा मान त्यांचा होता, पण हात उचलवेना.

"पुसा की काकू!" पोरं ओरडली.

"राहू दे ना रे थोडा वेळ," काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि समोर कांदाही नव्हता नि दुधीही नव्हता.

पार्किंगमध्ये आल्यावर काकू गाडीची किल्ली शोधत होत्या. काकांनी खिशातून एक नवा कोरा शिकाऊ परवाना काढून बॉनेटवर, बरोबर त्या ओरखड्याशेजारी ठेवला. फोटोतही भिंग कपाळावर होतं.

"हे कधी केलंत?"

"खोक्यांच्या दुसऱ्या दिवशी."

काकूंनी तो उलटसुलट करून पाहिला. "मग तेव्हा का सोडलंत? चार दिवसांत?"

या वेळी काकांच्या डोळ्याला भिंग नव्हतं आणि वर बघायला आढंही नव्हतं. "तुझ्या शेजारी बसून गाडी मी चालवतोय, असं मला कधी वाटलंच नाही गं," ते म्हणाले. "नुसतं चाक धरून बसायचो."

इतकी वर्षं हा माणूस आपल्याच गाडीतून, आपल्याच शेजारी, पाहुण्यासारखा हिंडला होता, आणि आपल्याला वाटत होतं त्याला हौस नाही. काकूंना वाईट वाटलं, अगदी आतून. मग त्यांनी किल्ली काकांच्या हातात दिली, फिरून शेजारच्या सीटवर बसल्या, पट्टा लावला आणि मांडी घातली.

गाडी दोनदा आचके देऊन बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली ती जरा डावीकडे, मग घाईने उजवीकडे, मग परत डावीकडे. रखवालदार शिट्टी तोंडात धरून झाडामागे झाला. समोर कुंपण आलं. काकूंच्या तळपायाला आग लागली होती, पण त्या अंगठा सोडेनात. काकांनी ब्रेक दाबला. जरा जोरातच दाबला, पण स्वतःच दाबला, आणि लहान मुलासारखं वळून बायकोकडे पाहिलं.

"पोचू ना घरी?" त्यांनी विचारलं.

"नक्की पोचू. शंभर टक्के."

"किती वेळात?"

"ते विचारायचं नाही," काकू म्हणाल्या, आणि अंगठा आणखी घट्ट धरला.